कोटेशन

साडेपाचला उद्यमबागेतली लाइट गेली
आणि डिझेलचा जनरेटर खोकत उठला.
मी वहीत एक जादा रकाना ओढला:
युनिटमागे एवढे जास्तीचे.
हा खर्च कुणाच्या डोक्यावर घालायचा
ते टेंडरमध्ये कुठे सांगितलेलं नाही.

टेंडर वीज करणाऱ्यांचं आहे.
घाटाखाली एक जुनी अणुभट्टी, तिचं पोट उघडायचंय.
तीनशेसहा नळ्या, सहाशेबारा टोकं.
त्यातली पहिली चाळीस आम्हाला मिळतील,
सगळ्यांत स्वस्त आम्ही ठरलो तर.
आणि सगळ्यांत स्वस्त ठरून
पुढच्या गुढीपाडव्यापर्यंत टिकलो तर.

होसूरकर मालक चहा ओतता ओतता हिशेब सांगतात:
नवी भट्टी म्हणजे बारा वर्षं. काँक्रीट ओलं असतं
तेव्हापासूनच व्याज वाळायला लागतं.
पहिला दिवा लागेपर्यंत
मुद्दलाला त्याची सावली ओळखू येत नाही.
जुनीचं बरं. भिंती उभ्या, रस्ता आहे,
तारा ओढलेल्या, कॉलनीत शाळासुद्धा.
फक्त आतलं बदलायचं.
मी म्हटलं, आणि बंद असेल ती दोन-तीन वर्षं?
पगार तर चालूच. विकायला वीज नाही.
ते बशीकडे बघत राहिले.

आमच्याकडेही हाच वाद झाला होता, लेथवरून.
नवी घ्यायची तर बँक, जुनी ठेवायची तर ओमाणा मुतगेकर.
ओमाणानं बेडला निळा रंग लावला,
पत्ती घेऊन उंचवटे खरवडले, पुन्हा रंग, पुन्हा पत्ती,
तीन आठवडे निळ्या बोटांनी भाकरी खाल्ली.
"चाळीस वर्षं तापून निवलेलं बीड हाय, बाई,
आता कुठं वाकतंय?"
खरंच, वाकलं नाही.
भट्टीतल्या नळ्या मात्र वाकतात, लांबतात,
त्यांना काय लागतं ते डोळ्यांना दिसत नाही.
म्हणून तर हे टेंडर.

पान सत्तेचाळीस: अपघात झाल्यास.
खानापूर रोडच्या वकिलांनी दोन हजार घेतले,
चष्मा पुसला, आणि म्हणाले, बघू.

माझं शिक्षण बी.कॉम.
चाळीस वर्षांनंतरचा एक रुपया
दहा टक्क्यांनी मागे आणला
की हातात सव्वादोन पैसे उरतात.
भट्टी मोडायचा खर्च, राख म्हणता येणार नाही
अशी राख सांभाळायचा खर्च,
सगळं असंच मागे आणतात.
कागदावर फार स्वस्त पडतं.
माझी मुलगी मच्छेच्या शाळेत पाचवीत आहे.
तिची मुलं त्या सव्वादोन पैशांत
दाटीवाटीनं बसलेली मला दिसली.
मी पान उलटलं. पण भोजही तर
कोळशाचा धूर कुठल्याच रकान्यात लिहीत नाही.
भोज म्हणजे आमच्या शेजारचा भंगारवाला, हिशेबाला पक्का.

नमुन्याचा तुकडा कालच तयार झाला.
मापाला इराण्णा आले होते, हुबळीहून.
गेज घातला, काढला, मान हलवली.
मग रजिस्टर: ओतीव नंबर, तारीख, करणाऱ्याचं नाव.
रकाने कन्नडमध्ये, खाली इंग्रजी.
ओमाणानं मराठीत सही केली, मोठी,
चौकटीबाहेर वेलांटी गेली.
मालक घाबरले. चालतंय का हे असलं?
इराण्णांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.
"नडीतद," म्हणाले. चालतं.

हे रजिस्टर भट्टी मोडेपर्यंत ठेवायचं असतं.
म्हणजे आमच्या शेडपेक्षा जास्त,
बहुधा ह्या फलकांवरच्या भांडणापेक्षाही जास्त.
रात्री ओमाणा दारात उभा राहिला:
"अजून काय लिव्हूलालीस?"
दर, म्हटलं.
कच्चा माल. मजुरी. डिझेल. नफा सहा टक्के, मग पाच.
सहीचा रकाना नव्हता.
असता तर मी तिथे शून्य टाकलं असतं.
दुसऱ्यांनीही टाकलंच असतं.