येऊ दे

स्मारा छावणी, दवाखान्याची मातीची भिंत.
भिंतीला टेकून एमबारका,
मांडीवर नुएना : वय चार, वजन दोन वर्षांच्या पोरीचं,
पोट तेवढं ढोलासारखं ताणलेलं.

मी आतड्याचं सांगायला बसते.
तक्ता गेल्या वादळात उडाला,
म्हणून तंबूच दाखवते.

बघ, आतड्याची भिंत या कापडाहूनही पातळ,
जाडी एका पेशीची.
अलीकडे सगळं जग :
खजूर, दूध, धूळ, बकरीच्या आचळावरचे जंतू.
पलीकडे लगेच पहारेकरी.
साऱ्या अंगातले बहुतेक इथेच, पोटाशी.

‘मग रोज लढाईच की,’ एमबारका म्हणते.

नाही ना!
ते कापडाच्या फटीतून हात बाहेर काढतात,
येणाऱ्याला चाचपतात,
आत जाऊन वडीलधाऱ्यांना विचारतात
आणि बहुतेकदा निरोप येतो : येऊ दे.
चहाचे तीन पेले होईतो
आपण तरी कुठे पाहुण्याला नाव विचारतो?
परकं ते सगळं वैरी नसतं,
हे पोट शिकतं अंगावरच्या दुधाबरोबर.

फक्त नुएनाच्या पोटात
एका पाहुण्यावर आळ आला.
गहू.
दर महिन्याला ट्रकमधून उतरतो तो,
पोत्यावर परक्या देशाचं निशाण,
खाली छापलेलं : विक्रीसाठी नाही.
त्याला हाकलायला पहारेकरी धावले
आणि आपलाच गालिचा तुडवत राहिले,
आतली लव झडली, सपाट झाली,
मग खाल्लेलं अंगी लागणार कसं?

एमबारका बराच वेळ गप्प.
बाहेर हमादावर वारा दगड घासतोय.
‘मीच भरवत होते,’ ती म्हणते,
‘रडली की आणखी एक तुकडा.’

आईचं आतडं. त्याचा तक्ता नसतो माझ्याकडे.

मी सांगते : तांदूळ दे, मका दे, मसूर दे.
(तांदळाची पोती कधी येतील, ते मला विचारू नकोस.)
लव पुन्हा उगवते, वर्षा-दोन वर्षांत.
पोरीचं पोट सगळं पोटात घालेल.
पहारेकरी मात्र विसरत नाहीत,
ती म्हातारी झाली तरी
ते गव्हाला नावानिशी ओळखतील.

मेल्हफाच्या पदरातून
ती भाकरीचा तुकडा काढते.
अन्न टाकायचं नसतं.
नुएना हात पुढे करते.
एमबारका तो तुकडा माझ्या हातात ठेवते
आणि म्हणते, ‘तू खा. आत्ता. माझ्यासमोर.’