समासातली पेन्सिल

पप्पांचं शास्त्र माझ्या वाट्याला आलं.
घर भावाला. रंधा कुणालाच नको होता.

जालन्याच्या मिशन दवाखान्यात ते सुतार.
खाटा, खिडक्या, सलाइनचे स्टँड;
कधी पेटीही, लहान मापाची.
त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

डोंगरावरल्या प्रवचनापाशी
समासात त्यांच्या जाड पेन्सिलीनं:
शेवंता नर्स, साठ रुपये.
रहीम फिटर, एकशे दहा.
देठे मास्तर, ज्वारी दोन पायल्या.
प्रत्येकावर आडवी रेघ, आणि पुढं: सोडले.

छापलेला शब्दही तोच.
दर रविवारी म्हणतो आम्ही तो चर्चमध्ये,
भरभर,
मटण गॅसवर ठेवून आल्यासारखा.

शेवटचं नाव तेवढं उघडं आहे.
अमोस. माझा भाऊ.
आकडा नाही. काय नेलं होतं त्यानं, ठाऊक नाही.
नुसतं नाव, आणि पुढं बोटभर जागा.

काल त्याचा फोन आला, चार वर्षांनी.
पप्पांच्या मातीलासुद्धा आला नव्हता तो.
वहिनीची शुगर वाढलीय म्हणे,
तू लॅबमध्ये आहेस ना, रिपोर्ट बघून सांग.
मी म्हणाले, पाठव.

रात्री विळीवर पेन्सिल तासली.
चष्मा पुसला. उगाच दोनदा पुसला.
टोक कागदाला टेकवून
'सो' लिहिलं,
आणि लाइट गेली.

मेणबत्ती कुठल्या खणात आहे
मला माहीत होतं.
खरं सांगते, प्रभू,
मी उठले नाही.