गार ताट

बावीस वर्षं मी या शहरातलं
सगळ्यात महागडं अन्न गार खाल्लं.
आधी फोटो, मग घास.
बेहराम बूट काढून खुर्चीवर चढायचा,
मोज्याला अंगठ्यापाशी भोक,
आणि वरून म्हणायचा, "बाई, तुमची सावली."
मी सावली बाजूला घ्यायचे.
तोवर कोरेगाव पार्कातल्या त्या बशीत
वितळलेलं लोणी पुन्हा लोणी झालेलं असायचं.

मग मी लिहायचे: तोंडात टाकताच विरघळणारं.

विशेषणं पगारासारखी होती,
पंचवीस तारखेपर्यंत संपायची.
'अप्रतिम'वर कदमबांडेंनी बंदी घातली,
'जिभेवर रेंगाळणारी चव' त्याच्या पुढच्या वर्षी गेली.
'खमंग' टिकलं.
ते एका कॉलमच्या मथळ्यात बसायचं.

आई शेजारणीला सांगायची, ती हॉटेलात असते.
शेजारीण वाईट वाटून
पुढचं काही विचारायची नाही.

पलंगावर उशा किती, याची मी नोंद ठेवायचे.
मालदीवला सात.
जयपूरला नऊ, त्यातली एक नुसती बघायची.
परतताना लोहगावला रिक्षावाला दीडपट मागायचा,
मी भांडायचे, जिंकायचे,
धनकवडीत चार मजले चढायचे
आणि बॅग न उघडता आधी बादली नळाखाली लावायचे.
पाणी साडेपाचला येतं, सव्वासहाला जातं.
किती तारे द्यायचे त्याला?
न्हाणीत अजून त्या सगळ्या गावांचे साबण आहेत,
बोटभर, कागदात गुंडाळलेले.
एकही अख्ख्या आंघोळीला पुरत नाही.

बाणेरच्या शोरूममध्ये एक खुर्ची होती,
शिसवाची, एक लाख चाळीस हजारांची.
खिळा नाही, स्क्रू नाही,
हात आणि पाठ जिथे भेटतात तिथे
नख फिरवलं तरी फट लागत नव्हती.
मिलानला शिकून आलेल्या त्या मुलाला मी विचारलं,
हा सांधा कुणी बसवला?
"आमची टीम," तो म्हणाला.
टीम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये
उकिडवी बसून डबा खात होती.
आत बेचाळीस खुर्च्या रिकाम्या.
मी नाव विचारलं, वहीत उतरवलं, बातमीत घातलं.
छापून आलं तेव्हा नाव नव्हतं.
"जागेअभावी," कदमबांडे म्हणाले.
शेजारी अर्धं पान नळांची जाहिरात होती,
नळ कोरडा, सोनेरी.

हे पान माझं आहे आणि इथे जागा आहे.
दगडू सोपान पांचाळ, मुक्काम नऱ्हे.
सांधा त्याचा.

पुरवणी बंद झाली त्या दिवशी
कुणीतरी केक आणला.
त्याचाही फोटो काढला,
आणि मग सगळेच, का कोण जाणे,
थोडा वेळ नुसते उभे राहिलो.

मागच्या रविवारी बेहरामने घरी बोलावलं, कॅम्पात.
एका डोळ्यावर पट्टी, मोतीबिंदूची.
कॅमेरा भाच्याला दिला म्हणाला,
तो त्यावर क्रिकेटचे फोटो काढतो, सगळे हललेले.
त्याची बहीण रोशन धानसाक घेऊन आली,
पातेल्याचं झाकण काढलं
आणि माझा चष्मा धुरकटला.
तिने वाढलं.
मी हात मांडीवर ठेवून बसले.
सावलीसुद्धा थोडी बाजूला घेतली.

"बाई," बेहराम म्हणाला,
"खा. आज कोण चढणार खुर्चीवर?"

पहिल्याच घासाला जीभ भाजली,
चांगली भाजली, टाळूपर्यंत.
डोळ्यांत पाणी, तोंड उघडं,
लहान मूल फुंकर घालतं तशी मी
आतल्या आत हवा ओढत राहिले.
"तिखट झालं का?" रोशनने विचारलं.
मी मान हलवली,
हो म्हणून की नाही म्हणून, आता आठवत नाही.
पण घास बाहेर काढला नाही.