रीळ भरताना

मानवतच्या मोंढ्याकडं जाताना डाव्या हाताला
खताच्या दुकानावर, जिन्याच्या अकरा पायऱ्या:
मन्मथ फोटो स्टुडिओ.
पडद्यावर धबधबा आहे. त्याचं पाणी
एक्क्याण्णव सालापासून खाली पोचलेलं नाही.
त्याच्यापुढं बसून पोरं दहावीच्या फॉर्मसाठी हसतात,
मी म्हणतो, हसू नका, बोर्डाला चालत नाही.

लग्नात उलटं.
हळदीपासून मी ओरडत असतो, हसा.
बारा पस्तीसचा मुहूर्त तीनला लागतो,
नवरदेव अजून मारुतीपाशीच, दोस्त नाचायलेत,
मे महिना, मंडपाचं कापड तापून वास मारतंय
आणि नवरीच्या कपाळावरचा घाम
नजीर नुसता उजेड वळवून पुसतो.
घरी गेल्यावर बॅगेतून अक्षता निघतात,
बायको चिमण्यांना टाकते.
राहिलेले पैसे अल्बम झाल्यावर,
अल्बम झाल्यावर सुगी झाल्यावर,
सुगी होते तोवर बारसं आलेलं असतं,
म्हणतात, एकदाच धरू की हिशोब.

आता परभणीहून ड्रोनवाला येतो.
वरून सगळी सारखीच. टोप्या आणि पदर.

तेव्हा एका रिळात छत्तीस.
दोन रिळांत अख्खं लग्न बसवायचं.
फेऱ्यांना तीन, रुखवतापुढं एक,
मामाला एक, सरपंच रुसू नये म्हणून एक,
कुणाचे डोळे मिटले तर मिटले.
आईला वेगळा धरत नव्हतो.
येईलच ती कशात तरी.

परवा द्वारका आली, केकरजवळ्याची,
लग्न अठ्ठ्याण्णवचं.
आईचा फोटो पाह्यजे होता, म्हणाली, तेराव्याला ठेवायला.
आधारवरचा मोठा करून देतो, म्हटलं.
तो नगं. पोलिसानं धरल्यावाणी दिसायली त्यात.
अल्बम आणला होता, पानाला पान चिकटलेलं.
सत्तर फोटो. आई दोनदा:
एकदा नुसती पाठ,
एकदा मामाच्या खांद्याआडून
हिरव्या बांगड्यांचा हात, तांब्या धरलेला.

निगेटिव्ह मी बिस्किटांच्या डब्यांत ठेवतो, गावावार.
खिडकीच्या उजेडाला एकेक पट्टी धरली.
निगेटिव्हमध्ये सगळ्यांचेच केस पांढरे होतात,
एकोणीस वर्षांची द्वारका हार घालताना म्हातारी दिसत होती.
दुसऱ्या रिळाच्या टोकाला, आकडे सुरू व्हायच्या आधी,
अर्धी जळालेली एक चौकट.

रीळ भरलं की पहिले दोन खटके वाया घालवावे लागतात.
कॅमेरा कुठंही रोखलेला असतो.
आपण बघत नसतो.
मंडपामागं, चुलवणापाशी भरलं असणार मी ते.
एक बाई उपड्या पातेल्यावर बसलीय,
चप्पल एकाच पायात,
बुंदीचा लाडू खातेय घाईघाईनं.
एक गाल उजेडानं खाल्लेला.

स्कॅन करून दाखवलं.
द्वारका कितीतरी वेळ बोललीच नाही.
मग पदर तोंडाला लावून हसायला लागली,
हसता हसता जिन्याचा कठडा धरला तिनं:
"लगन लागूस्तोर उपास व्हता की वो तिला!"

जळालेलं भरून काढतो, म्हटलं, कॉम्प्युटरवर होतं सगळं.
लाडूसुद्धा काढता येईल.
नगं, म्हणाली. लाडू राहू द्या.

आज दुपारी प्रिंट लावली.
आधी मंडपाचा बांबू आला, मग धूर,
मग कपाळ, कुंकू, खाली बघणारे डोळे,
आणि लाडवाच्या जरा अलीकडं
लाइट गेली.
नजीर खालून सांगत आला, डीपी उडाली, चार वाजतील.
द्वारका धबधब्यापुढच्या स्टुलावर टेकली,
पिशवी मांडीवर घेऊन, पाठ ताठ,
फोटोला बसतात तशी.
बसते, म्हणाली. येऊ द्या लाइट.