चाळीस फ्रेम

टाम्पेरे, नोव्हेंबर. दुपारी चारलाच काळोख.
नव्या कन्सोलवर जुना गेम लावला
तर दार आधीच उघडलं,
मुलगा पोचायच्या आत म्हातारी बोलून मोकळी,
आणि तो रिकाम्या उंबऱ्याशी
टकटक करायला हात वर करून उभा.

यंत्र चुकलं नव्हतं. त्याला फक्त घाई होती.

ताउनोला फोन लावला. सत्त्याण्णव साली
ते दार त्याने लिहिलेलं.
बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाला,
"तेव्हा डिस्क घरघरायची ना,
तेवढ्यात पोरगं पोचायचं.
मी काहीच केलं नव्हतं, पिह्ला."

म्हणजे ते वाट पाहणं
कुणी लिहिलंच नव्हतं.
मोटरच्या दमेकरी छातीतून आपसूक आलेलं,
तेच आता मी हाताने लिहितेय:
चाळीस फ्रेम थांब.
एवढं वेगवान यंत्र,
आणि त्याला धापा टाकायला शिकवायचं!

रात्री चाचणी. डिस्क नाही, घरघर नाही.
मुलगा आला. हात वर केला.
दार उघडलं.
म्हातारी म्हणाली, "आलास?"

ताउनोला कळवायला हवं.
खुर्चीतून उठून फोनपाशी यायला त्याला
अकरा रिंगा लागतात.

वाजू दे.