फुली

वर्कसॉपच्या क्रीडासंकुलात मतदान संपल्यावर
बॅडमिंटनच्या रेघांवर टेबलं मांडतात.
आम्ही काउन्सिलच्या करवसुली खात्यातल्या सहाजणी,
बोटांना रबरी टोप्या, मोबाइल दाराशी जमा,
रात्रीचा भत्ता ठरलेला,
आणि मोठ्या पिंपातला चहा,
जो कितीही उकळला तरी चहा होत नाही.

पेट्या उपड्या होतात.
आधी पालथ्या चिठ्ठ्या नुसत्या मोजायच्या,
मग उलथून वाटायच्या,
पंचवीसचा गठ्ठा, वर रबरबँड.
लाल ट्रे. निळा ट्रे.
मधे बुटांच्या खोक्याएवढं एक खोकं,
त्यावर पेनानं लिहिलेलं: हॅलम.

विल्फ्रेड हॅलमनं तीस वर्षं कालव्याचे दरवाजे उघडले, लावले.
त्याच्या पत्रकात तीनच गोष्टी होत्या:
संध्याकाळची बस, दातांचा डॉक्टर, तुंबणारी गटारं.
तिन्ही खऱ्या.
लाल पत्रकात त्यातली दीड होती, निळ्यात दीड,
उरलेल्या जागेत दोघांनी
एकमेकांचे फोटो छापले होते, वाईट उजेडातले.

आमच्या दारात आला तेव्हा
मी म्हणाले, तुमचं पटतं, पण.
तो हसला. खिशातून वही काढून एक रेघ ओढली.
म्हणाला, आज एकशे बारा "पण" झाले, बाई.
शेजारची मॉरीन चौदा नंबरकडे बघतेय,
चौदा नंबर तुमच्याकडे,
आणि तुम्ही?
मी मॉरीनच्या पडद्याकडे बघत होते.

मग जाता जाता, माझ्या कुंपणाची कडी लावत:
"कालव्याच्या दरवाजांना कडी नसते, ठाऊक आहे?
दोन फळ्या एकमेकींवर टेकतात,
आणि पाण्याचाच भार त्यांना मिटून धरतो.
जितकं पाणी जास्त, तितका दरवाजा घट्ट.
लोकांना वाटतं, कुणीतरी कुलूप घातलंय."

सांगलीला शाळेत फुली म्हणजे चूक.
लाल शाईची, कागद फाटेल इतकी दाबून.
इथे आल्यावर पहिल्यांदा कळलं
की जो हवा, त्याच्यापुढे फुली मारायची.
हात अडला होता तेव्हा.
आता अडत नाही.
आज सकाळी दोरीला बांधलेली पेन्सिल धरून
मी एकाच्या चौकोनात फुली मारली
ती दुसऱ्याला चूक म्हणण्यासाठी.
म्हणजे शाळेतलंच बरोबर होतं.

आपल्याकडे एकच शब्द आहे, मत.
डोक्यात असतं तेही, पेटीत पडतं तेही.
दोन्ही एक नाहीत
हे मी भाषेला कसं सांगू?

पावणेतीनला माझ्या टोपीखाली एक चिठ्ठी आली.
हॅलमच्या चौकोनात एक ठिपका,
पेन्सिल टेकवलेली, थांबलेली.
आणि खाली, दुसरीकडे, ठसठशीत फुली.
मी हात वर केला. संशयित मतांच्या टेबलावर
तिघांनी माना वाकवून बघितलं.
वैध, म्हणाले. ठिपका धरायचा नाही.

ती माझीच असेल असं नाही.
पुढच्या तासात तशा आणखी अकरा आल्या,
मग मी हात वर करायचं सोडलं.

पहाटे पाचला निकाल.
लाल की निळा ते तुम्हाला काय करायचंय,
गेल्या वेळचा पडला, त्याच्या आधीचा आला.
हॅलम: एक हजार दोनशे चौदा.
डिपॉझिट जप्त.
भाषण त्यानं केलं नाही.
पहारेकऱ्याबरोबर खुर्च्या रचायला लागला,
सहा-सहाची चळत, भिंतीला लावून.

आठ वाजता इथे लहान मुलांचा बॅडमिंटनचा वर्ग असतो.
रेघांवर काही उरलं नाही ना, बघत तो वाकला,
एक रबरबँड उचलून मनगटात घातला
आणि मला विचारलं,
पहिली बस किती वाजता आहे.

पहिली बस नव्हती.
म्हणजे होती, पण.