सावलीचा नकाशा

पश्चिमेला भदौरियांचा तिसरा मजला चढला
आणि आमच्या परसदारातलं ऊन
दुपारी दीडलाच मान खाली घालून जाऊ लागलं.
सकाळी ते यायचंच उशिरा, दहाच्या पुढे,
आमच्याच गच्चीवरून उतरत.
त्याची तक्रार कुणाकडे करणार?

गुलाब गेले.
आधी कळ्या, मग पानं,
मग कुंड्यांवर लिहिलेली नावं.

चौतीस वर्षं जलसंपदात नकाशे काढले मी.
फक्कीचा डबा घेतला,
दर रविवारी, दुपारी एकला,
सावलीच्या कडेवर एक पांढरी रेघ,
काडीला दोऱ्याने बांधलेली तारीख.
मार्चअखेर अर्ज तयार.
सोबत नकाशा, प्रमाण एकास वीस,
उत्तरेचा बाणसुद्धा.

शरयू तो बराच वेळ बघत राहिली.
"इथे बाराही महिने सावली? नक्की?"
"नक्की."
"आणि इथे तासभरच ऊन?"
मला वाटलं, चला, साक्षीदार मिळाला.

दुसऱ्या दिवशी तिने बहिणीकडून आणलेली
गड्ड्यांची पिशवी सोडली,
माझा नकाशा विटेखाली दाबून
उकिडवी बसली.
मोरीचं पाणी मुरतं त्या रेघेवर सोनटक्का,
पुढे भुईचाफा, दोन बोटं खोल,
माठाखालच्या ओलीत नेचा.
माझ्या तारखा उपटून
त्याच काड्या तिने गड्ड्यांच्या खुणेला लावल्या.

वर्षभर नुसती पानं.
थंडीत तीही लोळली.
मी म्हटलं, मेलं.
ती म्हणाली, झोपलंय. पाणी घालू नका.

मग ग्वाल्हेरचा एप्रिल.
किल्ल्याचा दगड रात्रीही तापलेला,
लू दाराच्या फटीतून शिट्ट्या घालतेय,
आणि उघड्या मातीतून,
देठ नाही, पान नाही,
थेट फूल.
वर दोन पांढऱ्या पाकळ्या, खाली दोन जांभळट,
जमिनीलाच ओठ फुटल्यासारखे.
वास घ्यायचा तर गुडघे टेकावे लागतात.
साठी उलटल्यावर ते सोपं नाही.

मी खाली वाकलेला असताना
तिसऱ्या मजल्यावरून भदौरियांची सून ओरडली,
"अंकलजी, कुछ गिर गया क्या?"

अर्ज अजून खणात आहे.
मागे घेतलेला नाही, दिलेलाही नाही.
रविवारी डबा घेऊन उतरतो अजून,
पण कोंब चुकवत जावं लागतं.
चौतीस वर्षांत पहिल्यांदा
माझी रेघ वाकडी येते.